माळढोकीच्या अंड्याला काट्या

साखरा,
ता. ८ सप्टेंबर १९७५

तीर्थरूप दादास,

पद्माचा जयभीम. वैनीला आणि लेकरांनाबी सांग. इथं आमी सगळे बरे आहोत, म्हंजे दिसायला तरी बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा पाऊस आला की दुखतो आणि गेला की जास्त दुखतो. मूग घरात आला. पोळ्याला आमच्या एकट्या बैलाची शिंगं रंगवली. सासूबाई म्हणाल्या, एका बैलाचा कसला पोळा, म्हणून शेजारच्या दगडोबाचा बैल आणून बाजूला उभा केला. तुला ठाऊकच हाय, त्याचा एक आणि आमचा एक, सावडीनं वखर चालतो. आधी त्याचं वावर, मग आमचं.

माळावरच्या अंड्याचं मी कळवलं होतं, त्यावर तुझं पत्र पोचलं. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. माळढोक आता थोडेच उरलेत, वर्षाला एकच अंडं घालतात, कधी तेबी न्हाई, मादी एकलीच बसते, जवळ जाऊ नका, कुणाला दावू नका, सगळं वाचलं. तुमच्या फॉरेस्टच्या हापिसातले साहेब अंडं बघायला येणार, हेबी वाचलं. खरं सांगू का, तेव्हापासून माझं ध्यान सारखं तिकडंच हाय. ठाऊक न्हवतं तोवर ते पाखराचं अंडं होतं. आता बांधावरून कुत्रं गेलं तरी हातातलं काम टाकून बघायला धावते.

वावराच्या वरच्या अंगाला माळ लागतो, तिथं उघड्या जमिनीवर ते पडलंय. ना काडी, ना कापूस. ह्यांनी वखर अंड्याच्या अलीकडंच थांबवला. दगडोबा लई तापला. म्हणाला, "एका अंड्यापायी वावर पडीक ठेवून राहिले का तुमी? पाखरू जवारी पेरून देणार हाय का?"  त्यानं त्याचा बैल सोडला आणि गेला. आता पेरणीच्या टायमाला बैल देतो का न्हाई, कुणास ठाऊक. पण हे मला एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सासूबाई सांगतात, दुष्काळाच्या आधी माळढोक माळावर शेळ्यांवाणी फिरायचे. यंदा पाऊस लागला तेव्हा एका नराचा आवाज यायचा, आडात घागर बुडवल्यावाणी, हूम, हूम. मग कुठले तरी जीपवाले बंदूक घेऊन आले. त्याच्यानंतर आवाज न्हाई. म्हंजे आता ही एक मादी आणि तिचं हे एक अंडं.

बाकी पाखरू बरं हाय. तू काळजी करू नको. गावातली कुत्री माळावर फिरून राहिली होती, त्याचाबी बंदोबस्त झालाय.

एक विचारायचं होतं, असंच. माळढोक अंड्यावरून उठून गेली तर किती वेळ चालतं? अंडं गार झालं तर पिल्लू जगतं का? साहेबांना विचार. घाई न्हाई. पण लवकर कळव.

ता. ९, सकाळी

दादा, कालचं पत्र पोष्टाच्या पेटीपर्यंत नेलं आणि माघारी आणलं. त्यात मी तुला धडधडीत खोटं लिहिलं. पाखरू बरं न्हाई. बंदोबस्त मीच केला आणि त्यानंच घात झालाय.

परवा कुत्री अंड्याच्या जवळून वास घेत गेली. मी त्यांना हाकललं. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, खळ्याला काट्या लावतो, रोपाला काट्या लावतो. अंड्याला लाव की! न्हाईतर तूच बस त्याच्यावर, कोंबडी झालीस म्हणू." मला बराबर वाटलं. आपल्याकडं जी चीज राखायची तिला काट्या लावायच्या, याच्यापुढं आपली अक्कल जाते कुठं? बाभळीच्या काट्या ओढत नेल्या आणि अंड्याभोवती कमरेएवढं कुंपण घातलं. पाखराला जायला एक फट ठेवली. हातातून रक्त निघालं, पण मनातून खूश होते. वाटलं, साहेबांना अंडं सलामत दाखवीन.

ती आलीच न्हाई. काल दिवसभर लांब उभी होती. मान वर करून कुंपणाकडं बघायची, चार पावलं यायची, पुन्हा माघारी. मला वाटलं, सवय होईल, येईल. काल संध्याकाळी पाऊस पडला. पावसात अंडं उघडं. मी घरात भाकरी थापून राहिले होते. तव्यावर भाकर जळली.

आज उजाडताच ह्यांना सांगून टाकलं. हे उठले, माळावर आले, बघितलं आणि म्हणाले, "अगं, ती चारी बाजूनं बघितल्याबगर खाली बसत न्हाई. तू तिच्या डोळ्यापुढं भिंत घातलीस." एवढंच. राग न्हाई का काही न्हाई. मी अंड्यापाशी गेले. दादा, अंड्याला बोट लावलं मी, जवळ जाऊ नको म्हणालास तरी लावलं. आडातल्या दगडावाणी गार होतं.

आमी दोघांनी काट्या ओढून काढल्या. पण काट्या काढल्या की कुत्री येणार, आणि राखायला बसलो की ती येणार न्हाई. मग हे कुत्री बांधा म्हणायला दगडोबाकडं गेले. मला वाटलं, आता तो हसतो. तो म्हणाला, "तुमचं डोकं फिरलंय का? कुत्र्याला कुणी दावं लावतं का?" म्हणाला आणि स्वतःची दोन्ही कुत्री बांधली. मग गावात घरोघर जाऊन शिव्या देत बाकीच्यांनाबी बांधायला लावली. कुणी विचारलं काहून, तर म्हणायचा, "पिसाळलंय एक." आमी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? त्यानं सांगितलं म्हणून बांधली.

ता. ९, दिवस कलताना

ती आली. आमी तिघं लांब, बांधाच्या आड पालथे पडलो होतो. चालत आली, थांबली, चारी बाजूनं बघितलं. अंड्यापाशी आली. चोचीनं ते उलटलं. मग बसली.

दगडोबा म्हणाला, "झालं, सुटलो!" हेबी हसले. मला रडू आलं आणि त्यांना वाटलं, आनंदानं. दादा, मी कोंबड्या पाळल्यात. खुडूक कोंबडी नासक्या अंड्यावरबी तशीच बसते, तेवढ्याच मायेनं. तिला कळत न्हाई. ही मादी आता मेलेल्या अंड्यावर बसलीय का जित्या, हे तिला ठाऊक न्हाई आणि मलाबी न्हाई. जवळ जाऊन बघावं तर ती पुन्हा उठेल. म्हणून मी जाणार न्हाई. आता घरातूनच तिकडं बघायचं आणि भ्यायचं, एवढंच माझ्या हातात हाय. पहिल्यांदाच भ्याले तेव्हा एवढंच केलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांना आण, पण जीप लांब थांबव. पिल्लू निघालं तर सगळ्यांच्या आधी तुला कळवीन. आणि न्हाई निघालं, तर साहेबांना कुत्र्यांनी खाल्लं म्हणून सांगू नको. कुत्र्यांनी त्याला तोंडबी लावलं न्हाई. माझ्या बहिणीनं लई जीव लावून राखलं म्हणून गेलं, असं सांग. दुसऱ्या कुठल्या गावात एखादं अंडं उरलं असेल, तर तिथल्या माणसांना हे ठाऊक व्हायला पाहिजे.

उत्तर लगेच धाड.

तुझी,
अजून माळाकडं बघणारी
पद्मा