भिंतीला टेकवलेला आरसा

दि. ११ ऑक्टोबर, रविवार, दुपार

प्रिय सहधर्मचारिणी,

तुझा धर्म उत्तम चालला आहे असे ऐकतो. ‘सह’ तेवढा तूर्त स्थगित आहे. तथापि संबोधन बदलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, म्हणून जुनेच वापरले. माझी प्रकृती ठीक. क्षुधा मंद, निद्रा यथातथा, विनोदबुद्धी दुर्दैवाने अबाधित. तुझे क्षेम कळवावे, ही विनंती केवळ रीत म्हणून. ते दर रविवारी फोनवर कळतेच.

मग पत्राचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे तू विचारशील. कारण फोनवर मी फार चांगला बोलतो. “तू मला हसवतोस आणि तेवढ्यात मुद्दा चपला घालून निघून जातो,” हे तुझेच वचन. कागदावर मुद्द्याला चपला सापडणे अवघड जाईल, अशी आशा आहे.

आधी पुलाची वार्ता. मधल्या दोन खांबांमधला गाळा भरून झाला. काँक्रीट आता आपल्या गतीने पक्व होत आहे आणि त्याच्या पोटाखाली माझे लोखंडी टेकू अरण्यासारखे उभे आहेत. रोज सकाळी मी त्या अरण्यात ऋषीप्रमाणे संचार करतो. फरक इतकाच, की ऋषींना शिरस्त्राण सक्तीचे नव्हते. परवा नव्याने रुजू झालेल्या एका अभियंत्याने विचारले, “सर, तुम्ही नक्की काय बांधता?” मी म्हणालो, “मी काहीच बांधत नाही. जे बांधलं जातंय ते पडू नये म्हणून खालून धरून ठेवतो. मग ते आपलं आपण उभं राहिलं, की माझं सगळं कर्तृत्व ट्रकमध्ये भरून नेतात.” तो बिचारा ‘वा’ म्हणाला. त्याला दुसरे काय सुचणार? उद्घाटनाच्या छायाचित्रात मी कधी नसतो. असलो, तर काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे.

अशा टेकूशास्त्र्याला या देशाने ‘कुशल परदेशी व्यावसायिक, तात्पुरता’ असा व्हिसा द्यावा, यात औचित्य मोठे आहे. सबंध देशात माझ्या व्यवसायाचे मर्म फक्त व्हिसा कार्यालयालाच उमगले.

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका तुझी रोज चौकशी करतात. त्यांचा तो गोठलेला खांदा आठवतो ना? कोट अंगात घालायला बायको लागायची आणि बायको तर केव्हाच निवर्तलेली. तू त्यांना जिन्याच्या भिंतीवर बोटे वर वर चालवायला शिकवलेस, आणि जिथे बोटे थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ ओढायला सांगितलेस. मी तेव्हा जिन्यात उभा राहून कुजबुजलो होतो, “अगं, कोणी तक्रार केली तर? तुला काम करायची परवानगी नाही.” तू म्हणालीस, “हे काम नाही. या गप्पा आहेत. आता तूही गप्पा मारायला ये, नाहीतर वर जा.” मी वर गेलो.

त्या रेघा चढत चढत आता दिव्याच्या बटणापर्यंत पोहोचल्या आहेत. काल त्यांनी माझ्यादेखत, दिवसाढवळ्या, ते बटण दाबून दिवा लावून दाखवला आणि ते म्हणाले, “बाईंना सांगा.” सांगितले. जिन्याला रंग द्यायला माणूस आला होता. काकांनी त्याला त्या भिंतीला हात लावू दिला नाही. त्यामुळे आपला जिना आता तीन बाजूंनी शुभ्र आणि चौथ्या बाजूने वैद्यकीय आहे.

नऊ वर्षे या देशात तुझ्या हातून जे घडले, त्याची लेखी नोंद एवढीच, आणि तीही पुसली जाईल अशा पेन्सिलीत. तिकडे मायदेशी तू व्यायामोपचाराने वाकलेल्या पाठी सरळ करणारी. इथे आल्यावर तुझ्या कार्डावर एकच बिरुद होते, ‘अवलंबित’. त्याखाली ओळ, ‘काम करण्यास परवानगी नाही’. ते कार्ड पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी विनोद केला होता. कोणता, ते आठवते आहे. इथे लिहीत नाही.

घर जसेच्या तसे आहे. घडीचे टेबल, घडीच्या खुर्च्या, घडीचा पलंग. दर मुदतवाढीच्या वेळी मी म्हणत असे, “या खेपेचं एकदा कळू दे, मग नीट घेऊ.” कळायचे. तोवर पुढची खेप यायची. भिंतीत खिळा ठोकला तर घर सोडताना भिंत पूर्ववत करून द्यावी लागते, म्हणून मी एकही ठोकू दिला नाही. तू आणलेला तो हातभर आरसा सर्व काळ जमिनीवर, भिंतीला टेकून उभा. “या देशात मला फक्त माझे गुडघे दिसतात,” असे तू म्हणायचीस, आणि मी त्यावर जानुदर्शनाचे माहात्म्य सांगणारा श्लोक रचून म्हटला होता. तू हसलीस. तू हसलीस म्हणजे प्रश्न सुटला, असे मी समजत आलो. एवढा मोठा हिशोबी अभियंता, पण ही बेरीज सतत चुकली.

तू मायदेशी परत गेल्यावर आठवडाभराने मी खिळा ठोकला. आरसा तुझ्या उंचीला लावला. त्यात मला माझी हनुवटी आणि सदऱ्याची बटणे दिसतात. तोंड दिसत नाही, हे एका परीने बरेच.

आता मुद्दा. पाहा, अजून चपला शोधतो आहे.

तिकडे जाऊन तू उघडलेल्या दवाखान्याच्या उद्घाटनाला मी आलो नाही. “मुदतवाढीचा अर्ज विचाराधीन असताना देश सोडला तर अर्जच सोडला असं धरतात,” असे मी तुला फोनवर सांगितले. नियम खराच आहे. मागच्या खेपांना आपण दोघांनीही तो पाळला आहे. तुझ्या भावाच्या लग्नाला आपण इथूनच अक्षता टाकल्या. तू म्हणालीस, “नियम म्हणजे नियम. ठीक आहे.” तुझ्यामागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होते. तू त्यांना म्हणालीस, “एक खुर्ची कमी लावा.” माझ्याशी मग तू खाटांच्या उंचीबद्दल बोललीस.

नियम खरा होता. त्या दिवशी मात्र तो मला लागू नव्हता. त्याआधीच व्हिसा कार्यालयाचे पाकीट आले होते.

अर्ज तू जाण्यापूर्वी दोघांचा भरला होता, म्हणून पाकिटात कार्डे दोन. नियमाने तुझा अर्ज तू सोडलास असे धरायला हवे होते, पण तुझे जाणे त्यांच्या दप्तरी पोहोचलेच नसावे. माझ्यावर तीन वर्षांची वाढ. तुझ्यावर तेच ‘अवलंबित’, आणि खालची ओळ बदललेली: ‘काम करण्यास परवानगी आहे’. मला आधी वाटले छपाईची चूक असावी. मग चौकशी केली. नियम बदलला आहे. इतकी वर्षे तू ज्या एका शब्दाची वाट पाहिलीस, तो तुझा फलक रंगवून वाळला त्या आठवड्यात आला. सरकारी कारभाराला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

मी विमानात बसलो असतो, तर ते कार्ड खिशात असते. आणि मी तुला विचारले असते, परत येतेस का. सरळ नाही, माझ्या पद्धतीने. फलकाखाली उभा राहून, चार माणसांत, काहीतरी संस्कृत फेकून. तू नाही म्हणशील याची भीती नव्हती. तू हो म्हणशील याची होती. तू हसली असतीस, नव्या कोऱ्या खाटा विकल्या असत्यास, आणि या घडीच्या घरात परत येऊन शिंपीकाकांच्या खांद्यापासून पुन्हा श्रीगणेशा केला असतास. मला तुझे ‘हो’ आणणे फार सोपे जाते. म्हणून आलो नाही. हा त्याग आहे असे वाटून मी दोन दिवस स्वतःवर प्रसन्नही होतो. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले, की तुला न विचारता मी पुन्हा एकदा तुझ्या वतीने निर्णय घेऊन बसलो आहे, आणि वर तुझ्या समारंभातली माझी खुर्ची कमी करायला लावली.

ते कार्ड सोबत पाठवतो आहे. वापर असे म्हणत नाही, वापरू नकोस असेही नाही. वाट तू पाहिलीस. ते तुझ्या हाती असावे.

माझे असे ठरले आहे. पुढच्या महिन्यात टेकू उतरवायचे. ते काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखे नाही. टेकू एकदम काढत नाहीत. गाळ्याच्या मधून प्रारंभ करायचा आणि थोडा थोडा सैल करत दोन्ही टोकांकडे जायचे. पूल मुद्दाम किंचित वर उचलून बांधलेला असतो. भार घेतला की तो खाली येतो आणि सपाट होतो. त्या वेळी तो कण्हल्यासारखा आवाज करतो. घाबरायचे नसते, थांबायचे असते. ते झाले, की मी राजीनामा देणार. मुख्य अभियंत्यांना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, “अरे, तीन वर्षांची वाढ मिळालीय. लोक नवस बोलतात यासाठी.” मी म्हणालो, “साहेब, मीही बोललो होतो. नवस मी बोललो आणि फेडायला बायकोला लावला, ती चूक झाली.” त्यांना ते कळले नाही.

नोकरी सुटली की व्हिसाही संपतो. सामान आवरायला थोडी मुदत देतात. आपले सर्वच सामान घडीचे असल्याने ती मुदत मला पुरून उरेल. आरसा शिंपीकाकांना देतो आहे. खिळा काढणार नाही.

जाताना दारात तू म्हणाली होतीस, “येशील तेव्हा ये. पण पाहुणा म्हणून येऊ नकोस. नऊ वर्षं मी पाहुणी होते, पाहुणा मला लांबून ओळखता येतो.” यावर मला तेव्हा कोटी सुचली नव्हती. आजही सुचत नाही.

तिकडे पन्नाशीच्या टेकूशास्त्र्याला कोण ठेवून घेईल, ठाऊक नाही. तेव्हा हा अर्ज तुझ्याकडेच. वर्ग: अवलंबित. काम करण्यास परवानगी: द्यावी वा न द्यावी, खुर्च्या सरकवता येतात, खाटांची उंची मोजता येते, फलक सरळ लावता येतो. मुदत तू ठरवावीस. नामंजूर करण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, आणि कारण देण्याचे बंधन नाही. मलाही इतकी वर्षे कोणी दिले नाही.

एकच विनंती. अर्ज विचाराधीन असतानाच मी देश सोडणार आहे. तेवढ्यावरून अर्ज सोडला, असे धरू नकोस.

तुझा,
अवलंबित