घाटात तुम्ही तीनदा दिसलात

आबा,

पिरंगुटच्या घाटात तुम्ही माझी शर्यत बघायला आला होतात, त्याबद्दल आपण दोघं कधी नीट बोललो नाही. एकदाच तुम्ही विषय काढलात आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की ते पटक्यात खोचून तुम्ही पौडला मास्तरांकडे जायचात आणि ओसरीवर उकिडवे बसून ऐकायचात. म्हणजे तेव्हा लिहिलं असतं तरी मास्तरांच्याच तोंडून तुम्हाला हे सगळं कळलं असतं, आणि ते मला नको होतं. पण लिहिलं नाही त्याचं कारण तेवढंच नव्हतं.

मी आता तुमच्यापेक्षा म्हातारा झालोय. गेलात तेव्हा तुम्ही पंचावन्नचेही नव्हतात, मला बाहत्तरावं चालू आहे. पुण्यात एका खोलीत राहतो. तुमची सून जाऊन चार वर्षं झाली, मुलगा नोकरीपायी नागपूरला असतो. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द बोलतो, मग संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यात भाचीच्या मुलीच्या लग्नाला आपल्या गावी, भऱ्याला गेलो होतो. येताना एसटीनं घाट पाच-सात मिनिटांत चढून टाकला. मी खिडकीशी बसून एकेक वळण ओळखत होतो. शेजारी एक पोरगी झोपली होती. 'इथं, बघ, इथं' असं कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, आणि सांगण्यासारखं कुणी नव्हतं. तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसतो आणि उठतो.

मी घर सोडलं ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. धरणाच्या कामावरचा एक ओव्हरसियर सायकलवरून जायचा, ती बघून मी पार वेडा झालो होतो. आदल्या संध्याकाळी चुलीपुढे जेवताना मी म्हणालो, की पुण्याला सायकलच्या दुकानात जातो. तुम्ही घास ताटात परत ठेवलात. "द्येवानं पाय दिल्यात चालाया. त्येला लोखंड कशाला बांदतुयास?" एवढंच म्हणालात. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. सकाळी मी निघालो तेव्हा तुम्ही शेरडं-मेंढरं घेऊन आधीच डोंगरावर गेला होतात. वळून पाहिलं तर वर कुठंतरी पांढरा ठिपका हलत होता. तो तुमचा पटका होता की करडू, ते आजवर कळलेलं नाही.

दुकानात आधी सायकली पुसल्या, मग पंक्चर काढली, मग मालकांच्या लक्षात आलं की मी चढावर बसून राहतो, बाकीचे उतरतात. त्यांनी मला दुकानाचा शर्यतीचा गडी केलं. सायकल चालवायचा पगार. भऱ्यात आईला बायका विचारायच्या, "सायकलीवनं काय वाहतो गं त्यो?" आणि आई म्हणायची, "काय न्हाई. निस्ता पळतो." सायकलच्या खोगिरानं मांड्या सोलवटतात असं मी एकदा तिला सांगितलं होतं. महिन्याभरानं बाजाराला आलेल्या माणसाबरोबर एक गाठोडं आलं. आत काळ्या लोकरीची जाड गादी होती, दाभणानं शिवलेली. तुमचेच टाके. सायकलचं खोगीर तुम्ही जवळून पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ती तट्टाच्या पाठीला बेतेल एवढी रुंद झाली होती. दुकानातली पोरं पोट धरून हसली. मीही हसलो, आबा. त्यांच्यात राहायचं तर हसावं लागे. 'हाय' म्हणालो की ते माझी नक्कल करायचे. वर्षभरात मी 'आहे' म्हणायला शिकलो, 'न्हाई'चं 'नाही' केलं, आणि रविवारी घरी यायचं कमी केलं.

ती शर्यत तीन दिवसांची होती. एकोणीसशे सव्वीस साल असावं, मुळशीला भिंत बरीच वर आली होती. पहिला दिवस सपाटीचा, तिसरा पुण्यातल्या मैदानावरचा, आणि मधला आमच्याकडचा: पुण्याहून पौडावरून धरणापर्यंत जायचं, परत फिरायचं आणि पिरंगुटचा घाट चढून माथ्यावर संपवायचं. निघताना पंचांनी नियम वाचून दाखवले. बाहेरच्या माणसाची कसलीही मदत घेतली तर नाव कापलं जाईल. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "आज तुझा मुलूख आहे. आज हरलास तर दुसरा गडी बघतो."

धरणावरून परतताना मुंबईचा एक दांडगा गडी पुढे निघून गेला. लाल सदरा. पिरंगुट सोडलं तेव्हा तो माझ्यापुढे दोन वळणं होता आणि मागचे पार मागे राहिले होते. नुसती खडी, ऊन, आणि माझाच श्वास. एवढं एकटं मला कधी डोंगरात शेरडांमागेही वाटलं नव्हतं. भरं डाव्या हाताला खाली राहिलं, मी तिकडे पाहिलंही नाही. पाय भरून आले होते. मनात ठरवलं होतं की पुढच्या वळणावर उतरायचं, सायकल आडवी करायची आणि उलटी आल्याचं सांगायचं.

त्या वळणावर तुम्ही उभे होतात. खांद्यावर काठी आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. पण तुमच्यासमोर उतरणं मला जमेना. तीन वर्षांत आपली धड भेट नव्हती. मी पुढे गेलो आणि वाटलं, संपलं. तर वरच्या वळणावर पुन्हा तुम्हीच. मी रस्त्यानं वळसा घालून येत होतो आणि तुम्ही शेरडांच्या वाटेनं करवंदीच्या जाळ्यांतून सरळ उभे चढत होतात. या खेपेला काठी हातात होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. तुमची नजर माझ्यावर नव्हतीच. मान वर करून तुम्ही पुढच्या लाल सदऱ्याकडे बघत होतात, कळपात एखादं जनावर नीट चालत नसलं की बघायचात तसे.

तिसऱ्या वळणावर तुम्ही रस्त्यात उतरलात आणि माझ्या बरोबरीनं पळायला लागलात. तुमच्या अंगाचा लोकरीचा वास आला. "फुडचा लंगडतुया," तुम्ही म्हणालात. "उजव्या पायावर भार देत न्हाई. आत्ता गप ऱ्हा. म्होरं मोरीपाशी उभा चढ हाय, तितं त्यो मोडतोय बघ. तितं जा." दहा-पंधरा पावलं पळालात. हात सायकलीजवळ होता, पण लावला नाहीत. नियम तुम्हाला कुणी सांगितला नव्हता. मग तुम्ही मागे पडलात आणि मागून पंचांच्या मोटारीचा भोंगा वाजला.

मोरीपाशी तो खरंच मोडला. उजवा पाय खाली नेताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. जवळून मला ते दिसलं, तुम्हाला ते दोन वळणं खालून दिसलं होतं. मी त्याच्या शेजारून गेलो. माथ्यावर भूगाव-सुसची माणसं बैलगाड्या सोडून उभी होती, त्यांनी आरडाओरडा केला. मी उतरलो तेव्हा दोघांनी मला बगलेत धरलं.

आणि लगेच मुंबईच्या दुकानाचा माणूस पंचांकडे धावला. म्हणाला, एक धनगर वाटेत याला खुणा सांगत होता, मोटारीतून सगळ्यांनी पाहिलंय, याच्याच घरचा माणूस असणार. पंच माझ्यापुढे आले. "कोण होता तो? तुझा कोणी लागतो?" मालक माझ्याकडे बघत होते. तुम्ही माथ्यापर्यंत पोचला असाल हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मी अगदी स्वच्छ पुणेरी बोलीत म्हणालो, "नाही. मी त्या माणसाला ओळखत नाही."

तेवढ्यात लोकांनी तुम्हाला पुढे ढकललं. पटका सुटलेला, पायाला काटे ओरबाडलेले. पंचांनी तुम्हाला विचारलं, "हा तुझा कोण?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. नवं जनावर दाखवल्यावर बघावं तसं, जरा वेळ. "कोन न्हाई, सायेब," तुम्ही म्हणालात. "माझी शेरडं बुजली मोटारीला. त्येंच्यामागं पळत व्हतो."

"मग त्याच्याशी बोलत काय होतास?"

"वाटंत करडू व्हतं. बाजूनं जा म्हनलं."

लोक हसले. पंचही हसले, आणि माझा पहिला नंबर कायम झाला. कुणीतरी हार घातला. मालकांनी मला मोटारीच्या पायरीवर उभं केलं, फोटोवाला काळ्या फडक्यात शिरला, आणि मला 'हलू नकोस' म्हणाला. मी हललो नाही. फडक्यातून त्याचं डोकं बाहेर आलं तोवर तुम्ही घाट उतरायला लागला होतात.

शिमग्याला मी घरी आलो. आईनं पुरण केलं होतं. तुम्ही माझ्या शेजारी जेवायला बसलात आणि अर्ध्या जेवणात विचारलंत, "त्या लाल सदऱ्याचा पाय बरा झाला का रं?" मी ताटातच बघून म्हणालो, "ठाऊक नाही." तुम्ही मान हलवलीत आणि आईला म्हणालात, "वाढ त्याला."

पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. मी इंदूरला शर्यतीला होतो, तार मिळून पोचलो तो पाचव्या दिवशी. आई कोपऱ्यात बसली होती. रडून झालं होतं तिचं. म्हणाली, "गावात समद्यास्नी सांगत हुते, ल्योक पयला आला म्हून. पर सायबाच्या कानावर जाऊ देऊ नगा म्हनायचे. त्येचं नाव कापतील."

मी त्यानंतर सहा वर्षं शर्यती केल्या. बऱ्याच जिंकलो. लोक विचारायचे, घाटात कसा रे दम धरतोस, आणि मी काहीबाही सांगायचो. लंगडं जनावर लांबून ओळखायला मला कधी आलं नाही. तुमची सून मला विचारायची, 'तुमच्या वडिलांनी तुमची शर्यत कधी पाहिली का?' मी म्हणायचो, नाही, त्यांना त्यातलं कळत नव्हतं.

आत्ता हे सगळं पुन्हा वाचून पाहिलं. कुठं टाकायचा हा कागद, कुणाच्या नावावर? राहील इथंच, ट्रंकेत. फक्त वर मी एक वाक्य लिहिलंय, की तुम्ही माथ्यावर पोचला असाल हे माझ्या ध्यानातही नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो, त्यामुळे हातून तसंच लिहिलं गेलं. ते खरं नाही. पंच माझ्यापुढे येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या खांद्यावरून तुम्ही मला दिसत होतात. एका बैलगाडीच्या जुवाला धरून तुम्ही धापा टाकत होतात आणि हसत होतात. मी तुम्हाला पाहिलं, आबा, आणि मग म्हणालो.