डावा पाय

मुलुंड, रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

संध्याकाळपासून डोकं तापलंय. सुनंदाचा भाऊ विलास नवी शंभर सीसी दाखवायला आला. मी ऐटीत बसलो. दहा वर्षं बुलेट चालवतोय, मला काय शिकवणार? गेटपाशी कुत्रं आडवं आलं आणि मी डावा पाय दाबला. माझ्या बुलेटला ब्रेक डावीकडे, हिला तिथे गिअर! थेट मेंदीच्या कुंपणात. माहीत होतं की मला! पण पायाला कोण सांगणार?

मग सुनंदाने ओढणी कमरेला बांधली. "मी बघू का रे, विलास?" तिने आजवर फक्त मोपेड चालवलेली. गाडी दोनदा बंद पडली, मग झकास गेटपर्यंत जाऊन वळून आली.

"ताईला जुनं काही विसरायचं नव्हतं ना! भावोजी, तुमचं अवघड आहे."

जळलो मी. बायकोवर जळतं का कुणी? निदान हसली असती तर भांडता आलं असतं. जेवणानंतर माझ्या खरचटलेल्या पायाला हळद लावताना हळूच म्हणाली, "अहो, बुलेट शिकवाल मला?"

"बघू," म्हणालो. शिकवली तर माझ्यापेक्षा चांगली चालवेल. आत्ताच दिसतंय मला.