चारपैकी चार, वाढ शून्य

प्रति,
मा. समन्वयक,
सर्वसाधारण शिक्षण निष्पत्ती मूल्यमापन कक्ष,
खोली क्र. १४, पहिला मजला,
महाविद्यालय मुख्य इमारत.

विषय : दोन्ही चाचण्यांत सर्वोच्च स्तर मिळवल्याबद्दल रोखून धरलेले प्रमाणपत्र मिळणेबाबत, आणि न मिळाल्यास पुढे काय होईल याची आगाऊ कल्पना देणेबाबत.

संदर्भ : १) आपले १८ मे रोजीचे दोन ओळींचे पत्र. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज. ३) आपण ८ सप्टेंबर रोजी स्वहस्ते फलकावर लावलेली यादी.

महोदय,

१. मी खाली सही करणार, वय ४७, रुग्णालयाच्या अभिलेख विभागात बावीस वर्षे ज्येष्ठ लिपिक आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या तुकडीत पदवीचा अभ्यास केला. सगळे विषय सुटले. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला सक्तीचा असलेला सर्वसाधारण शिक्षणक्रमही मी पूर्ण केला. त्याच्या पाच निष्पत्ती आपल्या दारावर चौकटीत लावलेल्या आहेत : चिकित्सक विचार, लेखी संवाद, संख्याज्ञान, नागरी भान आणि आजीवन शिकण्याची वृत्ती. वर्षाच्या सुरुवातीला पूर्वचाचणी, शेवटी अंतिम चाचणी, आणि प्रत्येक निष्पत्तीत किमान एका स्तराची वाढ दिसली तरच प्रमाणपत्र. ते नसेल तर पदवी नाही.

२. पूर्वचाचणीत एक उतारा होता. ज्या रुग्णालयात जास्त माणसे दगावतात ते वाईट, असे त्यात ठासून म्हटले होते. मी लिहिले की जास्त आजारी माणसे कुठे नेतात ते आधी पाहा. बावीस वर्षे मी त्याच फायली लावते आहे, मला हे कोणी शिकवावे लागत नाही. परीक्षकांनी समासात 'उत्कृष्ट!' लिहून चारपैकी चार दिले. पाचही निष्पत्तींत चार. वर्षाअखेरीस अंतिम चाचणीतही चार, आणि त्याच हस्ताक्षरात पुन्हा 'उत्कृष्ट!' या दोन उत्कृष्टांची बेरीज आपल्या कक्षाने काय केली ते १८ मे च्या पत्रात आहे : 'वाढ शून्य. अपात्र.'

३. मी आपल्याला समक्ष भेटले. आपण खुर्चीत मागे रेलून म्हणालात, "बाई, तुम्ही हुशार आहात, त्यात वाद नाही. पण कॉलेजनं तुम्हाला काय दिलं, ते कागदावर कुठे दिसतंय?" हे वाक्य मी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवले. वर्षभरात इतके खरे आपण एकदाच बोललात. नंतर हसून आपण सल्ला दिलात, "पुढच्या वर्षी परत नाव घाला की. आणि या वेळी पहिल्या पेपरात जरा हात आखडता घ्या." आपल्या टेबलाशी उभे असलेले दोघे कारकूनही हसले. त्यांच्या हसण्याचा मला राग नाही, त्यांना खाली मान घालून नोकरी करायची आहे. आपल्या हसण्याचा आहे, आणि तो चार महिन्यांत तसूभरही कमी झालेला नाही.

४. हात आखडता घेण्याची सूचना आपण पूर्वचाचणीच्या दिवशीही वर्गात येऊन दिली होतीत. "ही नुसती पहिली चाचणी आहे, फार जीव तोडून लिहू नका. समजतंय ना?" सगळ्यांना समजले. मला वाटले, आपण आम्हाला धीर देता आहात. मागच्या बाकावर माझ्याच विभागातील कनिष्ठ लिपिक होती. फायलीला दोरा कसा बांधायचा हेही तिला मी शिकवले आहे. तिने उत्तरपत्रिकेवर क्रमांक लिहिला, एक फूल काढले आणि कागद परत दिला. स्तर एक. वर्षाअखेरीस स्तर दोन. वाढ एक, पात्र.

५. विभागप्रमुखाच्या जागेला पदवी लागते. जूनमध्ये ती जागा तात्पुरती तिला मिळाली आणि ३० सप्टेंबरला कायम होणार आहे. मुलगी स्वभावाने चांगली आहे. अवघड फाईल आली की ती माझ्याकडेच आणते, "ताई, हे जरा बघता का, मला काही उमगत नाहीये." मी बघते, दुरुस्त करते आणि ती सही करते. माझ्या रजेच्या अर्जावरही आता तीच सही करते. ३० तारखेच्या आत प्रमाणपत्र न मिळाल्यास निवृत्त होईपर्यंत मी हेच करत राहीन. एका कोऱ्या कागदाने मला मागे टाकले, आणि तो कोरा ठेवायला आपण शिकवलेत.

६. आपली मोजपट्टी न्याय्य असेल तर ती आपल्यालाही लागू असावी, म्हणून मी आपला तक्ता भरला आहे. लेखी संवाद : माझ्या पहिल्या अर्जाला आपण नऊ दिवसांत उत्तर दिले, दुसऱ्याला एक्केचाळीस, तिसऱ्याला व चौथ्याला अजून दिलेले नाही. वाढ उणे. संख्याज्ञान : चारांतून चार वजा केल्यास माणूस अडाणी ठरतो, असा आपला निष्कर्ष आहे. स्तर देता आला नाही. चिकित्सक विचार : याबद्दल कलम ८ पाहावे.

७. मला सूड हवा आहे. हा शब्द अर्जात शोभत नाही हे मला कळते, लेखी संवादात माझा स्तर चौथा आहे. परंतु 'फेरविचार व्हावा, ही विनंती' असे मी चार वेळा लिहून पाहिले आणि चारही वेळा आपण माझ्या तोंडाला पाने पुसलीत. म्हणून जुलै व ऑगस्टच्या आठ रविवारी सकाळी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, सायकली लावतात त्या पत्र्याखाली, मी वर्ग घेतला. यंदा या शिक्षणक्रमाला बसलेल्या २१२ पैकी १९६ विद्यार्थी आले. औषधांच्या जाहिराती, विजेची बिले, घरमालकांच्या नोटिसा, जे हाती लागेल ते मी त्यांना वाचायला दिले. हे कोण म्हणते, कशावरून म्हणते, आणि उलटे असेल तर काय, एवढे तीनच प्रश्न. तिसऱ्या रविवारपासून ते मलाच पेचात पकडू लागले. मी कोणालाही अंधारात ठेवले नाही. पूर्वचाचणीत सगळे बरोबर लिहिलेत तर वर्षाअखेरीस माझ्यासारखे अडकाल, हे पहिल्याच रविवारी सांगितले. नऊ जण उठून गेले. उरलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "मावशी, मुद्दाम चुकायचंच होतं तर कॉलेजात कशाला आलो असतो?" या प्रश्नाला आपल्या पाच निष्पत्तींपैकी कुठलीही लावावी.

८. २ सप्टेंबरच्या पूर्वचाचणीत १७१ विद्यार्थ्यांना पाचही निष्पत्तींत चौथा स्तर मिळाला. हे मला गुप्तपणे शोधावे लागले नाही. ती यादी आपणच फलकावर लावलीत आणि वर लाल शाईने 'गुणवंत तुकडी' असे लिहिलेत. इतकेच नव्हे, कौतुकापोटी ती, वर्षाअखेरीस महाविद्यालयाचा दर्जा तपासायला येणाऱ्या पाहणी समितीलाही पाठवून पोच घेतलीत. या १७१ जणांना आता वर्षभर कितीही शिकवले तरी चारच्या वर जाण्याची सोय नाही, हा विचार यादीवर सही करताना आपल्या मनाला शिवला नाही. मी फलकासमोर उभी राहून ती यादी तीनदा वाचली. इतका आनंद मला पदवीचे पेपर सुटल्यावरही झाला नव्हता.

९. पाचवा स्तर निर्माण करण्याची कल्पना आपल्याला सुचेल, म्हणून नम्रपणे निदर्शनास आणते की नियमावलीनुसार वर्ष सुरू झाल्यावर स्तर बदलता येत नाहीत. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण कमी करायचे तर समितीला आधी कळवलेला आकडा खोटा होता, असे आपल्याच सहीने कळवावे लागेल. राहिला एकच मार्ग. अंतिम चाचणीत जो चौथ्या स्तरावर आहे तो पात्र, असा साधा निर्णय २५ सप्टेंबरपूर्वी करावा आणि पहिले प्रमाणपत्र माझे काढावे. तसे न झाल्यास समिती येईल तेव्हा आपल्या कक्षाने वर्षभरात १७१ जणांना काहीच शिकवले नाही, हे आपल्याच तक्त्यात आपल्याच हाताने भरलेले असेल. त्या दिवशी मी रजा टाकून खोली क्र. १४ च्या बाहेर बाकावर बसणार आहे.

१०. आता शेवटचे. यादीतील दुसरा क्रमांक माझ्या मुलीचा आहे. तीही याच वर्षी या शिक्षणक्रमाला बसली आहे आणि आठही रविवार पत्र्याखाली होती. चाचणीच्या दिवशी फाटकाशी तिने मला बाजूला घेतले आणि विचारले, "आई, मी कोरा देऊन येऊ का? आपल्या घरातला एक तरी सुटेल." मला क्षणभर हो म्हणावेसे वाटले, हे मी लपवत नाही. येत असलेले उत्तर लिहू की नको, असे पोरीने आईला विचारावे आणि आईने त्यावर विचार करावा, ही पाळी आपण माझ्यावर आणलीत. बाकी सगळे मी एक वेळ सोडले असते, हे सोडणार नाही. मी तिला म्हणाले, "येतंय ते सगळं लिही." ती आत गेली आणि तिने सगळे लिहिले. तिचे वर्षाअखेरीस काय करणार, ते आपण मला लेखी कळवावे. तोंडी नको.

आपली, आजवर नम्र राहिलेली,

(सही)
अर्जदार, परीक्षा क्र. ११७
ज्येष्ठ लिपिक, अभिलेख विभाग
दिनांक : १२ सप्टेंबर

सोबत :
१) दोन्ही 'उत्कृष्ट!' उत्तरपत्रिकांच्या प्रती.
२) आपला भरलेला तक्ता. (चूक आढळल्यास समासात लिहून परत पाठवावा.)
३) फलकावरील यादीचे छायाचित्र, आपल्या सहीसह.

प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, पाहणी समिती. (आजच पोच घेतली आहे.)