आमच्या रस्त्याचा कायापालट आणि तुझं शटर

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या चष्मेवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते आणि सरळ व्हायला कोणाचा तरी हात लागतो, तरीही वाकलोय, हे लक्षात असू दे. पुढे उपयोगी पडेल.) तुझे गुडघे काय म्हणतात? लिफ्ट चालू आहे ना? सूनबाई तुला स्वयंपाकघरात काही करू देतात, की अजून दिवसभर आरामच करावा लागतो? परवा फोनवर तू म्हणालीस की इतक्या वरून खिडकीतून पाहिलं की खालची माणसं बटणांएवढी दिसतात. तू हसलीस, पण मला काही हसू आलं नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. हिचं डोकं अधूनमधून दुखतं आणि त्याचं कारण मी आहे असं ही म्हणते. मी डोळे तपासून पाहिले, नंबर बदललेला नाही, म्हणजे बहुतेक मीच.

आता मुद्द्याचं. बटणांचं दुकान बंद करून तू लेकाकडे राहायला गेलीस, तेव्हा तीन गोष्टी बजावून गेलीस: दुकान विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही आणि त्याचा विषय काढायचा नाही. पहिल्या दोन मी पाळल्यात (दुकान तुझं, किल्ली तुझ्याकडे, न पाळून करतो काय). तिसरी आज मोडतोय, कारण आपल्या अख्ख्या रस्त्याचं घोडं तुझ्या शटरपाशी पेंड खातंय. नगरपालिकेने या रस्त्याचं काहीतरी करायचं ठरवलंय. रस्ता जिवंत आहे असं दिसलं तर नवे फूटपाथ, दिवे, बाकं आणि झाडं. मेलाय असं दिसलं तर दुकानं ताब्यात घेऊन, पाडून, तिथे गाड्या ठेवायची उंच इमारत. म्हणजे तू आणि मी इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून जिथे पोट भरलं, तिथे कोणाची तरी मोटार पाय पसरून बसणार. मला तर चष्म्यांखेरीज काही येत नाही. या वयात नवीन रस्ता कुठून शोधू?

यावर विचार करायला सभा भरतात. पहिल्या सभेला मी गेलो तो निव्वळ चौकसपणापायी. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कोणी रस्त्यात वर बघताना दिसलं की मीही वर बघतो. सभा गादीवाल्यांच्या दुकानात भरतात, कारण वीसपंचवीस माणसं बसतील अशी जागा आणि बसायला काही तरी, हे दोन्ही फक्त त्यांच्याकडे आहे. (त्यामुळेच ते अध्यक्ष झाले. दुसरं कारण मी अजून शोधतोय.) पण गादीवर माणूस बसतो किती वेळ, मावशी? अहवाल वाचायला सुरुवात झाली की आधी कोपर टेकतं, मग खांदा, आणि 'वाहनतळ' हा शब्द येईपर्यंत अर्धी सभा आडवी. ठराव एकमताने मंजूर होतात, कारण घोरणं विरोधात धरायचं की नाही यावर अजून निर्णय झालेला नाही. मी मात्र टक्क जागा असतो. एवढी वर्षं समोरासमोर राहून आपण एकमेकांना ओळखतच नव्हतो, हे मला त्या गाद्यांवर कळलं. समोरचा किल्लीवाला, जो गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलत नाही, तो सभेत बोलायला लागला की थांबत नाही. सायकलवाल्याला अंधाराची भीती वाटते. दिवे लावायच्या ठरावाला त्याने दोन्ही हात वर केले. या सगळ्यांच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं हे बघायला मी तिकीट काढूनही गेलो असतो.

सभा चालवायला नगरपालिकेने एक सल्लागार बाई पाठवल्यात. बाई हुशार, बोलायला गोड, आणि कुठलीही गोष्ट कागदावर बाण काढल्याशिवाय सांगत नाहीत. गिऱ्हाईक इथून येणार, बाण. इकडे थांबणार, बाण. खूश होऊन तिकडे जाणार, बाण. आम्ही त्यांना बाणबाई म्हणतो (मागे. समोर मॅडम). त्यांनी आपल्या रस्त्याचं भविष्यातलं चित्र भिंतीवर लावलं. रस्ता ओळखू येईना. इतकी झाडं, इतक्या छत्र्या, प्रत्येकाच्या हातात कुत्रं नाही तर फुगा, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं हसू की यांना कामधंदा काय आहे हेच मला कळेना. मी भिंग घेऊन माझं दुकान शोधलं. माझ्या पाटीवर एक बाई आईस्क्रीम खात उभी होती. तुझं शटर कुठे आहे म्हणून पाहिलं, तर बरोब्बर त्याच्यापुढे सगळ्यात दाट झाड काढलेलं. बाईंना कारण विचारलं, तर म्हणाल्या, तिथे काही दाखवण्यासारखं नव्हतं. मला ते फार लागलं. त्या दिवशी माझंही डोकं दुखलं.

दुसऱ्या सभेत बाईंनी एक साधा प्रश्न विचारला: गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणी या रस्त्यावरून काय विकत घेतलं? मावशी, असा शुकशुकाट मी परीक्षेच्या हॉलमध्येही ऐकला नव्हता. झोपलेलेही जागे झाले. एकानेही काही घेतलं नव्हतं. गादीवाल्यांच्या घरातल्या उशा दुसरीकडच्या. किल्लीवाल्याच्या घराला कुलूप बाहेरच्या मोठ्या दुकानातलं. आणि माझ्या शर्टाला तेव्हा दोन बटणं कमी होती, पण तुझं दुकान बंद असल्याने मला निदान सबब होती. मग आम्हाला एकदम स्फुरण चढलं आणि ठराव झाला की आपणच आपलं गिऱ्हाईक व्हायचं. प्रत्येकाने रोज रस्त्यावरच्या कुठल्या ना कुठल्या दुकानातून काही तरी घ्यायचंच.

या ठरावाने जो गोंधळ घातला, तो सांगायला तू समोर हवीस. माझ्या घरात आता चार उशा जास्त आहेत, एक दणकट कुलूप आहे (लावायला दार नाही, सगळ्या दारांना आधीच कुलपं आहेत), आणि सायकलची घंटी आहे. आपल्याकडे सायकल नाही हे हिने मला जेवताना सांगितलं, पुन्हा भांडी आवरताना सांगितलं, आणि आता काही न सांगता नुसती घंटी वाजवते. गादीवाल्यांनी माझ्याकडून जवळचा चष्मा नेला. त्यांना चष्म्याची गरज नाही हे मी तपासून सांगितलं, पण ठराव म्हणजे ठराव. तो लावून त्यांनी एक गादी बेतली. गादी उत्तम झाली, फक्त ज्याची होती त्याचे पाय बाहेर राहतात. सायकलवाल्याने पण चष्मा नेला आणि त्याला खरंच नंबर निघाला. चाकातल्या तारा इतक्या असतात हे त्याला त्या दिवशी कळलं म्हणे. म्हणजे अगदीच वाया गेलं असं नाही.

आणि मग तो मोजणीचा दिवस आला. रस्त्यावर माणसं किती येतात-जातात ते पाहायला नगरपालिकेची दोन माणसं रस्त्याच्या दोन टोकांना खुर्च्या टाकून बसणार होती. बाईंनी आम्हाला बजावलं होतं की काही वेगळं करू नका, रोजच्यासारखं राहा. पण रोजच्यासारखं राहिलो तर काय दिसणार हे आम्हालाच माहीत होतं! म्हणून प्रत्येकाने मनातल्या मनात, दुसऱ्याला न सांगता, एकच शक्कल लढवली: आपण थोडं बाहेर पडावं, वर्दळ दिसेल. मी 'लगेच येतो' ही पाटी दाराला अडकवली आणि गंभीर चेहऱ्याने खरेदीला निघालो. समोरून गादीवाले येत होते, तेही गंभीर. किल्लीवाला हातात पिशवी घेऊन तिसऱ्यांदा माझ्यासमोरून गेला. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. रस्ता असा फुलला होता म्हणून सांगू! फक्त कोणाला काही घेता आलं नाही, कारण ज्या दुकानात जावं तिथे पाटी, लगेच येतो.

अहवाल आला. बाईंनी तो वाचला तेव्हा एकही माणूस आडवा झाला नाही. त्यात लिहिलंय की रस्त्यावर वर्दळ भरपूर आहे, पण दुकानं सगळी बंद आहेत. तेव्हा या लोकांना रस्ता हवाय, दुकानं नकोत, असं दिसतं. (म्हणजे आमचाच पाय आमच्याच पायात.) बाईंनी पुष्कळ रदबदली केली, त्यांचे उपकार आहेत. नगरपालिका येत्या सोमवारी पुन्हा माणसं पाठवणार आहे, आणि हे शेवटचं. या वेळी ते वर्दळ बघणार नाहीत. दुकानं उघडी आहेत का आणि आत बाहेरचं गिऱ्हाईक आहे का, ते बघणार. अहवालाला एकच फोटो जोडलेला होता, मावशी. तुझ्या शटरचा. खाली लिहिलं होतं, मध्यभागी कायमस्वरूपी बंद. गादीवाल्यांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी माणसं एकदम चष्मा न लावता माझ्याकडे बघतात तेव्हा मला सुचेनासं होतं. मी म्हणालो, लिहितो तिला.

तर लिहितोय. कृपा करून शटरची किल्ली कोणाबरोबर तरी पाठव. तू यायची तसदी घेऊ नकोस. फक्त त्या दिवसापुरतं शटर वर करू, केर काढू, दिवा लावू आणि तुझ्या खुर्चीवर कोणाला तरी बसवू. तू दुकान का बंद केलंस ते मला माहीत आहे. दिवसच्या दिवस कोणी पायरी चढत नव्हतं आणि तू बटणं पुसत बसायचीस. ते मला भिंतीपलीकडून कळायचं. तेव्हा मी उठून आलो नाही, बोललो नाही, कारण माझ्याकडेही तसंच चाललं होतं आणि दोघांनी मिळून कबूल करायचा धीर नव्हता. पण सोमवारी निदान शटर बंद दिसू नये, एवढीच इच्छा.

सूनबाईंना आणि तुझ्या लेकाला माझी आठवण सांग. गुडघ्यांना जप. थोरांच्या पायाशी डोकं ठेवून आणि मोठ्या मनाने क्षमा होईल अशी अपेक्षा धरून थांबतो.

तुझा,
भिंतीपलीकडचा

ता. क. किल्ली नाही पाठवलीस तरी चालेल. वरचं पत्र मी काल लिहिलं. आज सकाळी किल्लीवाला सहज म्हणाला की तुझं कुलूप त्याच्या वडिलांच्या हातचं आहे आणि ते कसं आहे हे त्याला एकदा नुसतं बघायचंय. मलाही बघायचं होतं. बघता बघता ते उघडलं. क्षमा वर मागितलेलीच आहे.

आणखी एक ता. क. आत सगळं ठीक आहे. उंदीर नाहीत, ओल नाही. आम्ही कशालाही हात लावलेला नाही. फक्त खण उघडून पाहिले. लहानपणापासून त्या खणांत काय आहे ते मला बघायचं होतं आणि तू कधी बोट लावू दिलं नाहीस. पण मावशी, ही काय पद्धत आहे? प्रत्येक खणाच्या तोंडावर तू नमुन्याचं एक बटण लावलंयस, आणि आत भलतंच. बाहेर लाकडी, आत शिंपल्याचं. बाहेर लाल, आत पितळी. गादीवाले म्हणतात, चोर फसावेत म्हणून. किल्लीवाला म्हणतो, यात काही तरी गुपित आहे. ही म्हणाली, गुपित कसलं, माल बदलत गेला आणि मावशींना पाठ होतं, मग नमुने कशाला बदलतील. मला हिचं पटतंय, पण तिला सांगितलेलं नाही.

शेवटचं. केर काढत होतो तेवढ्यात एक बाई आत आल्या. हातात जुना कोट, वडिलांचा. वडील आता नाहीत; आता या बाईंना तो स्वतः घालायचाय आणि एक बटण तुटलंय. मी आधी विचारलं की आपण रस्त्यावरच्या कुठल्या दुकानातल्या? त्या म्हणाल्या, कुठल्याच नाही. मी पुन्हा विचारलं. मावशी, त्या खरंच बाहेरच्या होत्या. त्यांना तू आठवतेस. कोट नुसता हातावर घेऊन जुळणारं बटण खणातून काढून देणाऱ्या इथल्या बाई कुठे आहेत, म्हणाल्या. मी सगळे खण धुंडाळले, मिळालं नाही. परत जायला निघाल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की सोमवारी मालकीणबाई स्वतः बसणार आहेत. त्या कोट ठेवून गेल्या. आता कोट माझ्याकडे आहे आणि बटण तुझ्याकडे. ते कुठल्या खणात आहे हे मला पत्राने अजिबात कळवू नकोस.