अर्धा कोयता

१२ सप्टेंबर

शी! आजही तेच. गोरक्षनाथ सर आले, गाइड उघडलं, वाचायला लागले. "लिहून घ्या." सगळा वर्ग माना खाली घालून लिहितो. मी हाताची घडी घालून बसले.

"मॅडम, पेन संपलं का?"

"नाही सर. हेच गाइड माझ्याकडेही आहे."

सरांनी पान उलटलं. मग पुन्हा वाचन सुरू!

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, बी.ए.नंतर राहून गेलेली वकिली आता निवांत शिकायची. निवांत! बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगम, जिन्याच्या कोपऱ्यात मावा थुंकलेला. स्वच्छतागृहाबद्दल इथे लिहिणार नाही, पानाला वास लागेल.

मागच्या बाकावरचा करण विचारतो, "मॅडम, या वयात वकील होऊन काय करणार तुमी?"

म्हटलं, "पहिली केस तुझ्यावर."

वर्ग हसला. तोही हसला, निर्लज्ज!

१६ सप्टेंबर

'करार' हा विषय मात्र आवडतोय. त्यातही मुक्त संमती. धाक नको, दडपण नको, फसवणूक नको — तरच माणूस 'हो' म्हणाला असं कायदा धरतो. किती स्वच्छ!

पाठांतर पूर्वीसारखं होत नाही. सकाळी वाचलेलं दुपारी पुसून जातं. चिडते, परत वाचते. शेजारी बसणारी रोहिणी एकदा ऐकते आणि उलट मलाच समजावते. पाथर्डीकडून जीपनं येते. घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. वर्गात डोकं वापरणारी एवढी एकच पोरगी. बोलणं मात्र — 'लई', 'न्हाई'!

"नाही म्हण."

"न्हाईच म्हणते की, मॅडम!"

२९ सप्टेंबर

आज निबंधवाचन. विषय — 'अभ्यासक्रमातील आव्हाने आणि माझी प्रगती'. मोनिकानं मोबाईलवरून उतरवला, बाकीच्यांनी मोनिकावरून. एकेक उठतो आणि म्हणतो, "या अभ्यासक्रमामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला." करणनं तर "एक विद्यार्थिनी म्हणून मला" असंच वाचलं! सर म्हणाले, "छान."

मी उठले नाही. माझा लिहून झाला नाही, म्हणून सांगितलं.

आणि रोहिणीनंही तेच वाचलं. बाहेर गाठलं तिला.

"लाज नाही वाटत उष्टं वाचायला?"

"मग काय लिहू, मॅडम? दिवाळी झाली की ऊस तोडाया जायचंय, ते लिहू?"

उर्मट वाटली.

१० ऑक्टोबर

उर्मट नव्हती. खरंच सांगत होती.

आज म्हणाली, "दादा अर्धा कोयता झालाय, मॅडम. वहिनीला आठवा महिना लागतोय. मला जावं लागंल."

मी म्हटलं, "अर्धा झाला तर नवा घ्या. बाजारात कोयते काय कमी आहेत?"

मागचे बाक फुटले! रोहिणी तेवढी हसली नाही. समजावलं कुणी, तर करणनं! "मॅडम, कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको. एकटा असला की अर्धा कोयता. अर्ध्याला मुकादम टोळीत घेत न्हाई."

माणसांना कोयता म्हणायचं! आणि तो पुरा करायला पोरीची परीक्षा बुडवायची! पेपर नोव्हेंबरअखेर. ती तेव्हा कुठल्यातरी फडात असणार. आणि एकदा सुटलेली पोर कॉलेजात परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

२६ ऑक्टोबर

रोहिणीच्या गावी जाऊन आले. तिला आधी सांगितलंच नाही.

दारात सामान बांधून तयार. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, कपड्यांची गाठोडी. तिची आई दगडाबाई कमरेला हात लावत उठल्या. माझ्याच वयाच्या असतील. "बाई, तुमी कशाला एवढा तरास घेतला?" चहात इतकी साखर की घोट उतरेना.

"आमी पोरपणापास्नं तोडीला. पिशवीचं आपरेशन झालं, तवा कोयता सुटला माजा."

मुलगा, अमृत, मोबाईलमधून मान वर काढेना. सून स्नेहल भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले. मी सरळ सांगितलं — रोहिणी येणार नाही. परीक्षा आहे. तुमच्या मुलाची सोय तुम्ही दुसरी करा.

"करताय ना?"

"व्हय, बाई."

"नक्की?"

"व्हय. व्हईल सोय."

रोहिणी मध्येच काही बोलायला लागली. "तू गप्प बस," म्हटलं. चहा संपायच्या आत काम झालं! ठामपणे बोललं की लोक ऐकतात. आमच्या सरांना हे कधी कळणार?

परतीच्या जीपमध्ये पुढचा माणूस खिडकीबाहेर थुंकला. वाऱ्यानं ते सगळं माझ्या पदरावर. किळस! घरी येऊन साडी दोनदा धुतली. तरीही आज मन प्रसन्न आहे.

३ नोव्हेंबर

टोळी गेली. रोहिणी वर्गात हजर! मात्र बोलत नाही फारशी. 'न्हाई'सुद्धा म्हणत नाही. अभ्यासाचा ताण असणार.

राहिलेला निबंध सरांना दिला. सर्वांगीण विकास कुठेही नाही. शेवटचं वाक्य — 'मी वर्गात काय शिकले ते परीक्षा ठरवेल. पण एका विद्यार्थिनीची परीक्षा मी वाचवली, ही माझी प्रगती.' सर म्हणाले, "छान." करणला म्हणाले होते तसंच!

१८ नोव्हेंबर

परीक्षेचे बैठक क्रमांक लागले, करणला माझ्या मागचा नंबर आला. तेव्हापासून रोज वाकून नमस्कार करतो. ओंगळ!

२७ नोव्हेंबर

करारांचा पेपर. जिन्यात रोहिणी भेटली. सहज विचारलं, "दादाला जोडीला कोण मिळालं गं शेवटी?"

"आई गेली, मॅडम. तुमाला 'व्हय' म्हणली, तवाच ठरलं हुतं तिचं."

घंटा झाली.

पहिलाच प्रश्न — मुक्त संमती म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.

व्याख्या लिहिली, एक शब्दही चुकला नाही. उदाहरणाची जागा कोरी ठेवून उठले.