अडीच महिने निपचित

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, आई तुमच्याकडे सुखात असेल आणि नाटक कंपनी माझ्यावाचून झकास चालली असेल (ती चालूच नये अशी माझी फार इच्छा आहे, पण ते असो). मी मात्र इथे संतापाने नुसता खदखदतोय.

वीस वर्षं तुमच्या कंपनीत गावोगाव नाटकं केली. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे तुम्ही कान पिळून शिकवलंत, आणि तेच माझ्या मुळावर आलं! मालिकेत नायकाचा बाप म्हणून पहिल्याच दिवशी उभा राहिलो. समोर रडणारी सून, कॅमेरा माझ्या पाठीमागे. दिग्दर्शक (आवाज असा की पहिल्या रांगेतही पोचायचा नाही) म्हणे, तुमचा फक्त खांदा हवाय. खांदा! अहो, माझं तोंड आपोआप कॅमेऱ्याकडे वळायचं. सून बिचारी तिकडे रडतेय आणि सासरा तिच्याकडे पाठ करून तिची समजूत काढतोय. अकरा वेळा हेच झालं. बाराव्या वेळी त्याने मला कोपरापासून हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी लेखकाने मला जिन्यावरून पाडून थेट कोमात टाकलं.

तेव्हापासून पलंगावर पडून आहे. नाकात नळी, तोंडी एक वाक्य नाही. पापण्यांनी थोडा अभिनय करून पाहिला, तर डोळ्यांवर पट्टीच बांधली हो! परवा माझं डोकं फिरलं. लेखकाच्या खोलीत घुसून ओरडलो, एकदाचं मारून तरी टाका! त्या गाढवाने शांतपणे वही उघडली आणि म्हणाला, "छान सुचवलंत, काका."

तुमचा चिडलेला भाचा

ता. क. म्हाताऱ्या राजाचं काम तुम्ही माझ्या मेहुण्याला दिलंत म्हणे. काढून घ्या. त्याला धड दाढी चिकटवता येत नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून मी मोकळाच आहे.

आणखी एक. राजाचं राहू द्या, हवं तर त्यालाच ठेवा. आईला आता मालिका कुठली आणि मुलगा कुठला हे उमगत नाही, तुम्ही बघताच. रोज टीव्हीला खुर्ची भिडवून माझा श्वास चालतोय ना, हे पाहत बसते. मी झोपलोय म्हणून घरात कुणाला मोठ्याने बोलू देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी मरणार आहे. मामा, पाया पडतो, तेवढा अर्धा तास तिला बाहेर फिरायला न्या.